एकोणतीस तारखेची नोंद

नेत्रपेढीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला नियमबुवा म्हणत, आणि तेही मागून नव्हे, चांगलं तोंडावर. एकदा स्वतःच्याच रजेच्या अर्जात कारण नीट लिहिलेलं नाही, असं त्याच्या लक्षात आलं. त्याने तो अर्ज स्वतःच मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. शिपाई ही गोष्ट अजून हातवारे करून सांगतो. नाकासमोर चालणारी माणसं पुष्कळ असतात. हा गृहस्थ नाकासमोर फूटपट्टी धरून चालायचा.

नेत्रपेढी म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत नोंदणीची खिडकी आणि लांबलचक बाक. मागच्या खोलीत फ्रीज, एक कपाट आणि नियमबुवाचा कंप्युटर. फ्रीजमध्ये मेलेल्या माणसांनी दान केलेली बुबुळं असायची, जेव्हा असायची तेव्हा. कंप्युटरमध्ये यादी असायची, ती मात्र कायमच. ज्यांचं बुबुळ पांढरं पडलंय आणि दुसऱ्याचं बसवलं तर ज्यांना पुन्हा दिसू शकतं, अशा साठ-पासष्ट माणसांची ती यादी. आधी ज्याने नाव घातलं त्याला आधी बुबुळ, एवढा साधा नियम. फक्त एखाद्याच्या डोळ्यात जखम चिघळली असेल किंवा लहान मूल असेल, तर पेढीच्या प्रमुख डॉक्टर, म्हणजे मोठ्या मॅडम, त्याला स्वतःच्या सहीने वर घेत.

या यादीत नियमबुवाची बायकोही होती.

ती रफूचं काम करायची. एका धुलाईच्या दुकानात मागे बसून, जळलेल्या कोटाला, उंदराने कुरतडलेल्या शालीला ती त्याच कापडाचा धागा काढून असं भरायची, की दुकानदाराला भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवता येत नसे. डावा डोळा लहानपणीच गेला होता, हे सगळं एका उजव्या डोळ्यावर चाललं होतं. मग त्या उजव्यात काहीतरी गेलं, जखम झाली, ती बरी झाली आणि बुबुळावर पांढरा डाग ठेवून गेली. डाग पसरत गेला. रफू सुटलं, मग काही दिवस तिने काठ दुमडायचं काम केलं, मग नुसती बटणं लावली. मग दुकानदाराने एक दिवस फार गोड बोलून तिला घरी बसायला सांगितलं. त्याला सहा वर्षं होत आली होती.

सहा वर्षांत तिचा नंबर अठ्ठावीस ते छत्तीसच्या मध्ये खालीवर होत राहिला. एखादा महिना तो एकोणतीस असायचा आणि ती जरा उजळायची, पुढच्या महिन्यात तो तेहतीस व्हायचा. नंबर मागे कसा जातो, असं तिने एकदा विचारलं होतं. त्यावर त्याने समजावून सांगितलं, की तातडीचे रुग्ण मध्ये घेतात ना, म्हणून. तिला ते पटलं. त्यालाही पटलं होतं, हीच तर खरी अडचण.

कारण यादी त्याच्या हातात होती, पण बायकोच्या नोंदीला त्याने सहा वर्षांत हात लावला नव्हता. नंबरसुद्धा तो इतर नातेवाइकांसारखा पुढच्या खिडकीवर जाऊन विचारायचा. शिपाई म्हणायचा, साहेब, यादी तुमची, कंप्युटर तुमचा, एकदा बघा तरी. त्यावर नियमबुवा म्हणायचा, आज बघितलं तर उद्या हात शिवशिवतील. या उत्तराचा त्याला अभिमान होता. माणसाला कशाचाही अभिमान असू शकतो.

खिडकीवर ज्या ताई बसायच्या, त्यांचं शिक्षण बेताचं, पण नजर बारीक. नाव घालायला कुणी महिनाअखेरीला आलं, की त्या हळूच म्हणायच्या, आज राहू द्या, चार दिवसांनी एक तारखेला या. एक तारीख लाभते. बाकावरच्या बायकांमध्येही हे पसरलं होतं. एक-दोन तारखेला नाव घातलं की वर्षाच्या आत बोलावणं येतं, महिनाअखेरीचं नाव तसंच पडून राहतं, असं त्या एकमेकींना सांगायच्या. दर महिन्याच्या एक तारखेला खिडकीवर झुंबड उडायची. नियमबुवाने यावरून ताईंची वर्षानुवर्षं टिंगल केली. कंप्युटरला वार-तिथी कळत नाही, असं तो म्हणायचा. एकदा तर त्याने खिडकीवर पाटी लावली, की नोंदणीसाठी सर्व दिवस सारखेच आहेत. ताई मूग गिळून गप्प बसल्या आणि हळूच सांगत राहिल्या.

अकरा वर्षांपूर्वी ती यादी कंप्युटरवर घेतली होती त्यानेच. तोवर जाडजूड रजिस्टरं होती. वरच्या कार्यालयातून एक टूल, म्हणजे यादी सांभाळणारा प्रोग्राम, आलं. त्याला ना चित्रं होती ना बटणं. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. आपण एक शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं आणि ते काय म्हणतं ते मुकाट्याने वाचायचं. इतरांनी त्या काळ्या पडद्याकडे बघून हात टेकले. नियमबुवाला तो फार आवडला. जे विचारलंय तेवढंच बोलतो, कानामात्रेची चूक चालवून घेत नाही, म्हणजे आपल्याच रक्ताचा, असं त्याला वाटलं. त्याने ‘सेटअप’ची आज्ञा दिली, टूलने एकामागून एक प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, आणि रिकामा डेटाबेस उभा राहिला. मग रजिस्टरातली नावं आत घालायची वेळ आली आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.

नोंदणीच्या तारखेचा रकाना त्याने ‘तारीख’ या प्रकारचा ठेवला होता. पण जुन्या रजिस्टरात काही ठिकाणी तारीखच नव्हती. ‘मार्चअखेर’ असं होतं, ‘उन्हाळ्यात’ असं होतं, एका ठिकाणी तर ‘मागच्याच दिवशी’ एवढंच होतं. टूल हे काही केल्या गिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं, पाहुणे येणार होते. त्याने त्या रकान्याचा प्रकार बदलला आणि ‘मजकूर’ करून टाकला. टूल लगेच गप्प झालं. सगळी नावं सुरळीत आत गेली. यादी तारखेप्रमाणे लाव, अशी आज्ञा त्याने दिली आणि एका महिन्यातली वीस नावं काढून तपासली. ती अगदी क्रमाने आली. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या. मोठ्या मॅडम तेव्हा नव्या होत्या, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता या वर्षी वरून फर्मान आलं. सगळ्या नेत्रपेढ्यांच्या याद्या एकमेकींना जोडणार. त्यासाठी डेटाबेस सातव्या आवृत्तीवर नेलाच पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीनंतर मध्यवर्ती पेढीतून बुबुळं मिळायची बंद. आणि नेलात तर आतापेक्षा दीडपट मिळतील. नियमबुवाने ते पत्र दोनदा वाचलं. दीडपट म्हणजे यादी पुढे सरकणार, बायकोचा नंबर विशीत येणार, कदाचित वर्षाच्या आत लागणार. घरी त्याने तिला एवढंच सांगितलं, की या रविवारी मला कामावर जावं लागेल, पण ते काम तुझंही आहे. ती हसली. तिने त्याला डबा दिला, तोही चाचपत स्वतःच भरून.

रविवारी सकाळी इस्पितळाचा तो भाग रिकामा होता. त्याने खिडकी बंद असल्याची खात्री केली आणि आधी सगळ्या डेटाबेसची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवली. मग प्रत्यक्षात काही न बदलता टूलकडून पहिल्या पायरीची रंगीत तालीम करून घेतली. तिसऱ्या आवृत्तीवरून थेट सातवीवर उडी मारता येत नव्हती, एकेक पायरी चढावी लागत होती. चौथी झाली. पाचवी झाली. सहावीला टूल थांबलं. नोंदणीची तारीख हा रकाना मजकूर प्रकारचा आहे, तो यापुढे चालणार नाही, खरी तारीख हवी. चार नोंदी वाचता येत नाहीत, असं त्याने कळवलं. नियमबुवा खूश झाला. अकरा वर्षांपूर्वीची ती खटकणारी तडजोड आता निस्तरता येणार होती. कपाटातली जुनी रजिस्टरं काढून, मागचीपुढची पानं बघून त्याने त्या चौघांच्या तारखा शोधल्या आणि भरल्या. पुन्हा आज्ञा दिली. सहावी पार पडली. सातवीच्या शेवटी टूलने हिशेबाच्या सुरात दोन ओळी लिहिल्या. एकूण नोंदी चौसष्ट. क्रम बदललेल्या नोंदी एकसष्ट.

काहीतरी बिघडलं, असंच त्याला वाटलं. त्याने जुनी प्रत परत बसवली, पहिल्यापासून पायऱ्या चढला, आणि टूलने पुन्हा तेच लिहिलं. एकसष्ट. मग त्याने जुनी यादी आणि नवी यादी दोन्ही छापल्या आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या.

खिडकीवरच्या पडद्यावर यादीत नंबर, नाव आणि फोन एवढंच दिसायचं, तारीख दिसत नसे. आज प्रथमच त्याने तारखेसकट यादी छापली होती. जुन्या यादीत वरती तीन तारीख, सहा तारीख, नऊ, नऊ, बारा, पुढे वीस, चोवीस, शेवटी एकतीस, एकतीस, आणि त्याखाली तारखेऐवजी शब्द असलेल्या त्या चार नोंदी. महिने कुठलेही. वर्षं कुठलीही. टूलच्या लेखी त्या तारखा नव्हत्याच, नुसती अक्षरं होती, आणि अक्षरं लावताना ते पहिलं अक्षर पहिलं बघत होतं. आणि तारखेतली पहिली अक्षरं म्हणजे दिवस. मागच्या महिन्यात एक तारखेला आलेला माणूस दहा वर्षांपूर्वी एकतीस तारखेला आलेल्याच्या वर बसत होता. नवीन नावं वरच्यावर येत होती आणि बुबुळं घेऊन जात होती. महिनाअखेरीची माणसं तळाशी साचत गेली होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याने तपासलेली वीस नावं एकाच महिन्यातली होती, ती बरोबर येणारच.

म्हणजे ताई खरं बोलत होत्या. बाकावरच्या बायका खरं बोलत होत्या. कंप्युटरला वार-तिथी कळत नाही म्हणणारा तोच एकटा खोटा ठरला होता, आणि त्याने तशी पाटी लावली होती.

बायकोची नोंद एकोणतीस तारखेची होती. हे त्याला यादीत बघावं लागलं नाही. नाव घालायचं ठरलं तेव्हा तिने बाकावरच्या बायकांचं ऐकून घरी म्हटलं होतं, की तीन दिवस थांबू आणि एक तारखेला जाऊ. आणि तो तिच्यावर चिडला होता. मी तिथे काम करतो, माझी बायको असल्या गोष्टी मानते हे लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं म्हणून त्याने तिला हाताला धरून मुद्दाम एकोणतीस तारखेलाच नेलं होतं. सगळ्यांना दिसावं म्हणून.

नव्या यादीत ती सातवी होती. तो दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. डबा उघडायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी तो मोठ्या मॅडमच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि दोन्ही याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्याने काहीही लपवलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अकरा वर्षं त्याही त्याच यादीवर सह्या करत आल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, की आता यादी बरोबर झालीय, यापुढे बरोबर चालेल. त्याने विचारलं, की ज्यांचं नुकसान झालं त्यांना कळवायचं का.

“काय कळवणार?” मॅडम म्हणाल्या. “ज्यांना बुबुळ मिळालं त्यांच्याकडून परत घेणार आहात का?”

वर कळवण्यासाठी त्याने चार ओळींचा अहवाल लिहून आणला होता, खाली स्वतःची सही करून. मॅडमनी तो खणात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज त्याने ऐकला आणि आयुष्यात पहिल्यांदा, नियमाप्रमाणे पोच मागायची असते हे ठाऊक असून, मागितली नाही.

नव्या यादीतल्या पहिल्या सहा जणांना फोन करायचं काम त्याने ताईंना दिलं नाही, स्वतः केलं. पहिल्या नंबरची मुलगी म्हणाली, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या नंबरचा फोन लागलाच नाही. तिसऱ्या बाईंनी दुसऱ्या गावी जाऊन ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यांनी उलट त्याची मायेने चौकशी केली. चौथे वारले होते. पाचवे गाव सोडून गेले होते, आणि कुठे ते घरमालकाला ठाऊक नव्हतं. सहावा माणूस मात्र स्वतः फोनवर आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, आता नको, आता सवय झाली, आणि एवढ्या वर्षांनी आठवण ठेवल्याबद्दल त्याने आभार मानले. नियमबुवाने फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही. संध्याकाळी मॅडमनी त्या सहाही नावांपुढे शेरे मारले आणि बायको पहिली झाली.

गुरुवारी बुबुळ आलं. ठणठणीत, पस्तिशीतल्या माणसाचं. ताईंनीच बायकोला फोन करून बोलावलं, आणि फोनवर दोघी रडल्या असं त्याला नंतर कळलं. ती धुतलेली साडी नेसून आली, रिकाम्या पोटी, सांगितल्याप्रमाणे. त्याने तिला हात धरून तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि मॅडमनी त्याला तिथेच थांबू दिलं.

मॅडमनी बॅटरी पेटवली आणि तिच्या डोळ्यावर वरून धरली. उजेड कुठून येतोय, असं विचारलं. वरून, ती म्हणाली. मग उजवीकडून धरली. उजवीकडून, ती म्हणाली. मग मॅडमनी ती खालून धरली. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, वरून. डावीकडून धरली तेव्हा तिने मान किंचित वळवली, जणू कुणीतरी कानात सांगेल अशी वाट बघितली, आणि पुन्हा म्हणाली, उजवीकडून. ती अंदाजाने बोलतेय हे नियमबुवाला कळलं. बरोबर आलं का, असं तिने विचारलं. मॅडमनी बॅटरी विझवली आणि पुन्हा पेटवली, पुन्हा चारही बाजूंनी धरली. पुन्हा तेच झालं.

मग त्यांनी डोळ्याचा दाब मोजला. मग त्याला बाहेर घेऊन आल्या. तिच्या डोळ्यात दाब वाढलेला होता, काचबिंदूचा, हे माहीत होतं, थेंब चालूच होते. पण गेली दीड वर्षं तिने तपासणीला यायचं टाळलं होतं. नंबर लागेल तेव्हा बघू, असं ती म्हणायची आणि तोही जोर करत नसे. तेवढ्या काळात आतली नस सुकली होती. नवं बुबुळ बसवलं तरी ते काचेसारखं लख्ख दिसेल, पण तिला त्यातून काही दिसणार नाही.

“दीड वर्षापूर्वी चारही बाजू बरोबर सांगितल्या होत्या तिने,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हा मिळालं असतं तर.” पुढचं त्यांनी बोलायचं सोडून दिलं. तिच्या मागचा नंबर तीस तारखेचा होता, एका सुताराचा. त्याला फोन लावायला त्या खिडकीकडे गेल्या.

दोघं रिक्षाने घरी निघाले. ऑपरेशन होणार नाही, एवढं मॅडमनी तिला सांगितलं होतं, आणि ती शांत होती. तिला वाटलं, डोळ्याने दगा दिला, डोळ्याचं काय सांगता येतं. घरात शिरल्यावर तिने सवयीने हात धुतले, खुर्ची चाचपून बसली आणि म्हणाली, जाऊ द्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आपल्या नशिबात नव्हतं.

तो गप्प बसला असता तर चाललं असतं. मॅडम सांगणार नव्हत्या, अहवाल खणात होता. ताईंना संशय आला असता, पण त्या बोलल्या नसत्या. पण ज्याने जन्मभर एक रकाना कोरा सोडला नाही, त्याला हा सोडवेना. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. काळा पडदा, तारखेचा रकाना, वीस नावं, एक तारीख आणि एकोणतीस तारीख. तिला कळावं म्हणून त्याने तिच्या तळहातावर बोटाने आकडे काढून दाखवले. सांगताना तो रडला. तिने हात ओढून घेतला नाही. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाच विचारलं, की माझ्यानंतर नाव घालून किती जणांना मिळालं. दोनशेच्या आसपास, तो म्हणाला. त्यांना दिसतं का? दिसतं, बहुतेकांना.

शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होतं, तो आवाज थांबेपर्यंत तिने वाट बघितली.

“हे तुम्ही मला सांगायला नको होतं,” ती म्हणाली. “सहा वर्षं मी नशिबाला बोल लावत होते. ते बरं चाललं होतं. नशीब काही घरात राहत नाही.”

तो काही म्हणायला गेला, पण तिने मान हलवली.

“तुमच्यावर मी ओरडणारही नाही,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय मला रस्ता कोण ओलांडून देणार?”

मग तिने किती वाजले ते विचारलं. त्याने सांगितलं. ती उठली, आणि तो हात द्यायला पुढे झाला तेव्हा तिने तो हात धरला, कारण मधल्या खोलीत स्टूल कुठे ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं.